साडेचार मिलिमीटर

मोटर बसवली तेव्हा वाटलं, संपलं आता.
शेफील्डमधली वॉकलीची चढण, मागच्या दोन पिशव्यांत
मोठ्या टायपातल्या एकवीस कादंबऱ्या,
घराबाहेर न पडणाऱ्या वाचकांची यादी,
बटण दाबलं की सगळं आपोआप वर.

पहिल्याच सोमवारी चेन पडली,
मिसेस थ्रॉसलच्या दारापासून शंभर पावलांवर.
बुधवारी पुन्हा. त्याच गिअरला, सगळ्यात हलक्या,
ज्याच्या भरवशावर तर चढाला लागायचं.
गुरुवारी पडली नाही,
पण रस्ताभर दात खात राहिली.
मी काळ्या हातांनी रहस्यकथा दिली.
मिसेस थ्रॉसल म्हणाल्या,
हा पान चाळीसवरचा अंगठा खुन्याचाच असणार.

सालेह मुक्बिल यांचं दुकान म्हणजे बर्नग्रीव्हमधलं गॅरेज,
निम्म्यात सायकली, निम्म्यात मेहुण्याच्या तांदळाच्या गोण्या.
एकतीस वर्षं ते पोलाद लाटायच्या कारखान्यात होते.
लालभडक पट्टी केसभर तिरकी सुटली
तर काय होतं, ते त्यांच्या डाव्या हाताला ठाऊक आहे.
त्याला तीन बोटं आहेत.

मोटरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
खिशातून शिवणाचं पांढरं सूत काढलं,
एक टोक मला पुढच्या चक्रावर धरायला लावलं,
दुसरं मागे नेलं, एकेका दातेरी चकतीवर.
बारक्या चकतीवर सूत सरळ.
मोठीवर, बस चालू असताना ओढलेली रेघ.

"चेन नाकासमोर चालणारी आहे," ते म्हणाले.
"थोडी मान वळवेल. तू तिला पाठीमागून हाका मारतेस."

मोटरच्या पोटाने पुढचं चक्र बाहेर ढकललं होतं,
बाकावर जाडा गृहस्थ बसला
की कडेची मुलगी अर्धी हवेत, तसं.

मग बशीसारखं आत वळलेलं चक्र लावलं,
शेहेचाळीसऐवजी बेचाळीस दात्यांचं.
ते फ्रेमला घासलं.
कानस घेऊ का, मी विचारलं.
"जो फ्रेमला कानस लावतो
तो उद्या दाराच्या चौकटीला लावेल."
त्यांनी कागदाएवढा वायसर घातला,
मिळवलेलं थोडं परत दिलं.
सूत अजून तिरकंच.

"मागच्या नवातल्या दोन चकत्या सोड."
मी नवाचे पैसे दिले होते.
"वापरतेस किती?"
मोजले. तीन.
बाकीच्यांतून मी नुसती जात होते,
बोळातून परसात जातात तशी.

खजुराच्या डब्यातून एक कडी निघाली,
साडेचार मिलिमीटर जाड, राखाडी, कुणाच्या लक्षात न येणारी.
ती आधी आत सरकवली, स्पोकच्या बाजूला,
मग त्यावर सात चकत्यांचा नवा जुडगा.
गिअरची कळ बदलली, चेन दोन कड्यांनी तोडली.
सूत पुन्हा धरलं.
आता त्याला सुतासारखं म्हणता आलं असतं.

पैसे घेताना ते म्हणाले,
"गिअर जड पडला तर मोटर कुरकुरत नाही.
मुकाट ओढते, आतल्या आत तापते,
आणि एक दिवस वास येतो.
त्याआधीच हलका गिअर दे. गरगर फिरू दे तिला.
आणि बदलताना क्षणभर पाय सैल सोड."
मग बराच वेळ तो डबा बंद करत राहिले.
मोटरबद्दलच बोलत असावेत, बहुधा.

सोमवारी वॉकली. मोठ्या चकतीवर, पिशव्या भरलेल्या.
चेनचा आवाज नाही. म्हणून इतर आवाज आले:
कुणाचा तरी रेडिओ, माझा श्वास,
कादंबऱ्या एकमेकींवर सरकताना.
वरती सपाटीला लागले
आणि सवयीने मागे वळून पाहिलं, पडली का.

मिसेस थ्रॉसलनी पुस्तक घेतलं,
पान चाळीस उघडलं, चष्मा वर केला.
"या खेपेला अंगठा नाही?
मग मी संशय कुणावर घेऊ?"